चांगुलपणाचे चौदा निकष

मुलांना चांगलं वागायला लावणं हा गेली सव्वीस वर्षं माझा पगारी व्यवसाय आहे. कागदोपत्री मी इतिहासाची शिक्षिका. पण प्रत्येक शाळेत एक अशी बाई असते, जिच्याकडे काम ढकललं की ते वेळेवर होतं, आणि म्हणून तिच्याकडे सगळीच कामं ढकलली जातात. प्रतापनगरातल्या आमच्या शाळेत ती बाई मी. वृक्षारोपण माझ्याकडे, पालकसभा माझ्याकडे, आणि मूल्यशिक्षणही माझ्याकडेच.

मी याद्या करते. सहलीला जाणाऱ्यांची यादी, त्यांतल्या बस लागणाऱ्यांची यादी, आणि बस लागणाऱ्यांच्या शेजारी बसायला तयार असणाऱ्यांची यादी. माझे यजमान म्हणतात, भूकंप झाला तर ही आधी रकाने आखेल. आखीन. कोणीतरी आखायला हवेत.

बाहेरच्या लोकांना वाटतं, मूल्यशिक्षण म्हणजे फळ्यावरचा सुविचार. बरीच वर्षं ते तेवढंच होतं. सुविचार, मग एक बोधकथा, मग सहामाहीला त्यावर दहा गुणांचा प्रश्न. सत्यनिष्ठेवरच्या पेपरात एकदा तीन मुलं एकमेकांचं बघून लिहिताना सापडली. तिघांचीही उत्तरं उत्तम होती. मी गुण दिले आणि शिक्षाही दिली, दोन वेगवेगळ्या वह्यांमध्ये नोंद करून.

मग संस्थेच्या मनात आलं की काळाबरोबर चालावं. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आभासी संग्रहालय यांच्या मदतीने मुलांमध्ये 'समाजाभिमुख वर्तन' वाढवायचं, असं पत्र आलं. मी ते शिपायाला सूचनाफलकावर लावायला दिलं. तो वाचून म्हणाला, "म्हंजे चांगलं वागणं ना, मॅडम?" मी म्हटलं, हो, पण आता खर्चिक झालंय.

हे आभासी संग्रहालय म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगते. एखाद्या जागेचे चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि ते असे जोडायचे की मूल शाळेतल्या संगणकासमोर बसून त्या जागेत फिरू शकेल. पडद्यावर प्रत्येक मुलाची एक छोटी आकृती असते. ती चालते, वळते, वस्तूंपाशी थांबते. एका वर्गाची सगळी मुलं एकाच वेळी आत असतात, एकमेकांना दिसतात, धडकतातही. सोबत एक वाटाड्या असतो. तो माणूस नसतो, यंत्र असतं. पण मराठीत बोलतो, प्रश्न विचारतो, उत्तरं ऐकतो. जागोजागी तो म्हणतो, "या काकूंचा हंडा जड आहे, तू काय करशील?" मूल काय करतं, याची तो नोंद ठेवतो आणि तास संपला की अहवाल देतो. कल्पना अशी की दुसऱ्याच्या अंगणात उभं राहिलेलं मूल दुसऱ्याचा विचार करायला शिकतं. कल्पना वाईट नाही. मी अजूनही तिच्या बाजूची आहे. तिच्या आड काय आलं, तेच सांगायला बसले आहे.

तंत्राची बाजू बोरकर सरांकडे होती. बोरकर सर आमचे संगणकाचे शिक्षक, मूळचे रामटेकचे, वयाने माझ्याएवढेच, आणि माझ्या याद्यांचे जुने शत्रू. चांगलं वागणं म्हणजे नेमकं काय, हे यंत्राला सांगावं लागतं. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी एका रविवारी बसून चौदा निकष लिहिले. स्वतःहून पुढे येतो. विचारल्यावर होकार देतो. गटासोबत राहतो. इतरांना अडवत नाही. असे चौदा, प्रत्येकासमोर गुण.

बोरकर सर कागद पाहून म्हणाले, "मॅडम, साधुसंतांले जन्म पुरले नाही, अन् तुम्ही एका रविवारी चौदा कलमात बसवलं?"

"दुपारी दोनपर्यंतच झालं," मी म्हटलं. मला ती स्तुती वाटली होती.

सुरुवातीचे दिवस मजेचे गेले. आठवीतल्या एका मुलाने वाटाड्याला लिहिलं, 'गरजूंना मदत करावी असं तू शिकवतोस. मी गरजू आहे. माझी बीजगणिताची सात उदाहरणं राहिली आहेत.' वाटाड्याने सातही सोडवून दिली आणि मदत मागण्याचं धैर्य दाखवल्याबद्दल मुलाला वर गुण दिले. संस्थेचे एक वयोवृद्ध विश्वस्त पाहणीला आले, ते वाटाड्याशी चाळीस मिनिटं स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलत बसले. उठताना त्यांचे डोळे भरले होते. "घरात कोणी इतकं ऐकून घेत नाही," म्हणाले, आणि प्रकल्प यशस्वी झाल्याचं त्यांनी त्याच दिवशी लिहून दिलं. एक आई अहवाल घेऊन माझ्याकडे आली. "बाकी सगळ्यात नव्वदच्या वर आहे मॅडम, परोपकारातच कमी पडून राहिला. याची कुठं ट्यूशन असते का?" मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी कमी गुणांच्या मुलांसाठी जादा तासांची यादी केली, हे मात्र कबूल करते.

तिसरं दालन विणकरांच्या गल्लीचं. उमरेडला पूर्वी घरोघर माग होते. आता बहुतेकांनी दुसरी कामं धरली आहेत, पण एका गल्लीत दोन माग अजून चालतात असं कळलं, तेव्हा बोरकर सर आणि मी कॅमेरा घेऊन गेलो. नशिबाने त्या दिवशी ताणा पसरला होता. कापडातले उभे धागे म्हणजे ताणा. मागावर चढवण्याआधी ते गल्लीच्या लांबीभर, बांबूच्या घोड्यांवर, म्हणजे उभ्या आधारांवर, ताणून बांधतात आणि कुंच्याने त्यांना खळ लावतात, म्हणजे धागा विणताना तुटत नाही. शेकडो ओले धागे, सकाळच्या उन्हात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फार देखणं दृश्य. माझ्याकडे त्या भेटीची अठ्ठावीस कलमांची यादी होती; आम्ही पावणेदोन तासांत सगळी पुरी केली. शाळेची पत्रकंही वाटली. परतीच्या बसमध्ये मी समाधानाने झोपले.

दालनात आम्ही असं ठेवलं: मूल गल्लीत शिरतं, वाटाड्या म्हणतो, "केवढं काम आहे! तू हात लावशील का?" होय म्हणून मूल ताण्याजवळ गेलं आणि धाग्याला हात लावला की गुण.

सातवीत त्या वर्षी सलोनी निमजे नावाची मुलगी नवीन आली होती. उमरेडहून आलेली, प्रतापनगरात मामाकडे राहणारी. वर्गात कमी बोलायची, कारण तोंड उघडलं की 'मले', 'तुले' यायचं आणि मागच्या बाकावरून नक्कल व्हायची. नक्कल करणाऱ्यांच्या घरीही तेच बोलतात, पण शाळेत आलं की सगळे पुण्याचे होतात. तिच्या प्रवेश अर्जावर मी 'उमरेड' वाचलं होतं आणि माझ्या मनात एवढंच आलं होतं की सुट्टीनंतर ही एक दिवस उशिरा येणार.

सातवीच्या तासाला मी संगणक खोलीत होते. पाच मिनिटांत ओरडा सुरू झाला.

"मॅडम, ही रस्ता अडवून राहिली!"

"मॅडम, सलोनी आत जाऊ नाही देत!"

पडद्यावर पाहिलं. गल्लीचं तोंड अरुंद. तिथे सलोनीची आकृती मधोमध उभी. आत शिरलेली सात-आठ मुलं ताण्यातून आरपार पळत होती, हात लावून गुण कमावत होती, आणि बाहेर बाकीच्यांचा घोळका हिच्यामुळे अडकलेला. वाटाड्याने तिला तीनदा विचारलं होतं, "तू हात लावशील का?" तिने तीनदा लिहिलं होतं, 'नाही.' तिसऱ्यांदा लिहिलं होतं, 'नाही. कोणीच लावू नका.'

मी तिच्या खुर्चीमागे गेले. ती अर्धवट वळून म्हणाली, "मॅडम, ते ओलं हाय."

संगणक खोलीच्या नियमावलीत पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवण्याचा नियम पहिला आहे. मीच केलेला. मी टेबलाखाली वाकून पाहिलं, कळफलक उलटा करून झटकला. सगळं कोरडं. "कुठे सांडलंय?" मी विचारलं. "काही ओलं नाहीये. पुढे सरक, मुलं थांबली आहेत." तिने आकृती बाजूला घेतली. घोळका आत घुसला.

संध्याकाळी अहवाल पाहिला. निमजे, सलोनी: मदतीस नकार देते. इतरांना अडवते. चौदापैकी एक निकष पूर्ण, तो म्हणजे वेळेवर उपस्थिती. ज्यांचे तीनहून कमी, त्यांच्या पालकांना संदेश जायचा. त्यासाठी मला फक्त एक बटण दाबायचं होतं. संदेशाचा मसुदाही माझाच: 'आपल्या पाल्याच्या सहकार्यवृत्तीत सुधारणा आवश्यक आहे. इतरांच्या कार्यात अडथळा आणल्याची नोंद आहे.' खाली एक ओळ होती, 'ही नोंद संगणकीय प्रणालीने तयार केली आहे.' ती मी मुद्दाम घातली होती, म्हणजे बाईंचा राग आहे असं कोणाला वाटू नये. बटण दाबलं आणि त्या दिवसाच्या यादीत बरोबरची खूण केली.

सोमवारी सलोनी आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी मी तिच्या मामांना फोन लावला. ते म्हणाले, दुकानात आहे, फोनवर बोलता येत नाही. दुकान सीताबर्डीला होतं आणि मला शाळेच्या कामाने तिकडे जायचंच होतं, तेव्हा मी दुकानातच गेले.

मामा एका साडीच्या दुकानात विक्रेते होते. गादीवर बसून समोरच्या बाईंना साड्या उलगडून दाखवत होते. मी ओळख सांगितली, तसा त्यांचा चेहरा मिटला.

"पाठवली तिले उमरेडले," ते म्हणाले. "रविवारीच."

"का?"

"काहून म्हंजे? तुमचाच संदेश आला ना मॅडम. माह्या घरात दोन खोल्या, माहे दोन लेकरं. बायको आधीच म्हणे, पोरगी ठेवाची जिम्मेदारी मोठी असते. म्या म्हटलं, शांत हाय, शाळेतून एक बी बोलणं येणार नाही. आलं तर मीच परत पाठवन. तिसऱ्याच महिन्यात आलं. आता कोणत्या तोंडानं ठेवू?"

"अहो, पण एवढ्याशा गोष्टीवरून... आधी मला विचारायचंत."

"तुमच्या हातचं असतं तर विचारलं असतं. म्हटलं असतं, मास्तरीणबाई हाय, असन रागात. पण खाली लिहिलं होतं, मशीननं बनवलं. मशीनले काय कोणाचा राग येते?" मग समोरच्या बाईंकडे वळून, "नाही ताई, रंग नाही जात. लिहून देतो."

मी दुकानाच्या पायऱ्या उतरले. इतक्या वर्षांत माझ्या सहीने मुलं स्पर्धेला गेली, सहलीला गेली, शिष्यवृत्तीला बसली. एक मुलगी सही न करता, नुसतं बटण दाबून शाळेतून गेली होती.

बोरकर सरांना सांगितलं. त्यांनी एकही टोमणा मारला नाही, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. "रविवारी पहिल्या बसनं जाऊ," म्हणाले.

"काय काय न्यायचं?" मी वही उघडली.

"काही नका नेऊ. फक्त या."

उमरेडला उतरून पत्ता विचारत निघालो आणि दहा मिनिटांत मी थबकले. हे वळण, हा कडुनिंब, हा निळा दरवाजा. आमच्या संग्रहालयाची गल्ली. आणि गल्लीच्या तोंडाशी, मधोमध, सलोनी उभी होती.

"थांबा!" तिने हात आडवा केला. मग ओळखलं. "मॅडम..." चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसली. पण हात खाली आला नाही. "इथंच थांबा. आत नका येऊ."

तिच्या मागे ताणा पसरला होता. दोन पुरुष कुंचा ओढत होते. तेवढ्यात माझ्या मागून एक दूधवाला मोटरसायकलवर आला.

"काका, तिकून जा."

"काहून वं? रोजचा रस्ता हाय माहा."

"आज नाही. ओलं हाय."

दूधवाला पुटपुटत गाडी वळवून गेला. नंतर एक शेळी आली, तिलाही तिने वळवलं. एक बाई डोक्यावर पाटी घेऊन आली, "मी हाताशी येऊ का गं?" म्हणाली. सलोनी म्हणाली, "नको मावशी. झाल्यावर ये." मी उन्हात उभी राहून बघत होते आणि माझे निकष एकेक करून आठवत होते. स्वतःहून पुढे येतो. होकार देतो. अडवत नाही.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तिचे आबाजी, म्हणजे आजोबा. त्यांनी आम्हाला हाताने खूण करून ओट्यावर बोलावलं, पाणी दिलं.

"गल्लीच्या तोंडावर एरवी मीच उभा असतो," ते म्हणाले. "ही आली तं म्हटलं, तू राय उभी. माहे गुडघे गेले."

"नुसतं उभं राहायचं?" बोरकर सरांनी विचारलं.

"नुसतं?" आबाजी हसले. "खळ लावणं कोणालेबी येते बाप्पा. ओल्या सुताले एक हात लागला, एक कुत्रं घुसलं, तर चार दिवसाचं काम गेलं. अन् येणारा परतेक जण आपलाच. भाऊ, भाचा, सोयरा. त्याले नाही म्हणा लागते, अन् त्याले राग बी नाही आला पाहिजे. म्हणून तोंडावर घरातला भरोशाचा माणूस ठेवतात."

बोरकर सरांनी खिशातून फोन काढला आणि त्यांना आमचं दालन दाखवलं. आबाजींनी फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

"हे तं आमचीच गल्ली. वा. पण मी कुठं गेलो?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी मी इथं उभा होतो ना. तुम्ही मले म्हटलं बी, आजोबा, जरा बाजूले व्हा, फोटोत येता. म्या म्हटलं, नाही होता येत बाई."

मला ते आठवलं. फोटो बघताना गल्लीच्या तोंडाशी एक पाठमोरा माणूस उभा होता, त्याने चौकट बिघडत होती. सुधारणांच्या यादीत मी लिहिलं होतं: पाठमोरा माणूस, काढणे. बोरकर सरांनी ते यंत्राला सांगितलं. यंत्राने क्षणात माणूस पुसला आणि त्या जागी मागची भिंत इतकी सफाईने भरली की मी त्यांना चहा पाजला होता.

बोरकर सर आपल्या चपलांकडे बघत होते. मीही माझ्या चपलांकडे पाहिलं.

सलोनी जागेवरूनच, वळून न बघता म्हणाली, "मी शाळेत पाहिलं तं आबाजी नव्हते. अन् सारे ताण्यातून पळून राहिले होते. मंग मी उभी राहिली."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं ना मॅडम. ओलं हाय म्हटलं."

बोरकर सर माझ्याकडे बघायचं टाळत होते. कळफलक उलटा करून झटकणारी मी त्यांनाही दिसली असणार.

"यंत्रानं काय लिवलं माह्या नातीबद्दल?" आबाजींनी विचारलं. "तिच्या मामानं फोनवर धड सांगितलं नाही."

माझ्याकडे अहवालाची प्रत होती. प्रत नाही असं माझ्या बाबतीत होत नाही. मी वाचला. "मदतीस नकार देते. इतरांना अडवते."

आबाजी खो खो हसले. "बरोबर लिवलं! तेच तं काम हाय तिचं."

हसू ओसरल्यावर ते गंभीर झाले. "बाई, पोरीले शिकू द्या. इथं दोन माग उरले, ते बी किती दिवस. तिच्या मायनं तुमचाच कागद जपून ठेवला होता, त्या दिवशी वाटलेला, अन् भावाले गळ घातली. आता तिच्या मामाले, ठेव म्हणून, मी नाही म्हणू शकत. त्याच्या घरात त्याले वाटलं पाहिजे."

मी सलोनीला विचारलं, "तुला यायचंय का परत?"

तिने ताण्याकडे पाहिलं. "सुकल्यावर सांगते."

ताणा सुकायला अडीच तास लागले. तेवढा वेळ मी काही न करता बसून राहिले, ही माझ्या चरित्रातली ठळक घटना आहे. सुतं गुंडाळली गेली, बांबू भिंतीला लागले, तशी ती घरात गेली आणि दप्तर घेऊन बाहेर आली. मागून तिची आई डबा घेऊन आली. तो तिने सलोनीच्या दप्तरात ठेवला आणि दप्तर बंद झालं ना, ते दोनदा पाहिलं.

परतीच्या बसमध्ये मी मामांना पत्र लिहिलं. चार वेळा. पहिल्या मसुद्यात 'तांत्रिक त्रुटीमुळे' असं होतं. बोरकर सरांनी वाचून कागद परत दिला. "त्रुटी तंत्राची नाही, मॅडम. तंत्रानं तुमचं ऐकलं. अन् माणूस पुसला म्या." चौथ्या मसुद्यात लिहिलं, की मुलीने आजोबांचं ओलं सूत राखलं, म्हणजे योग्य तेच केलं, शाळेला ते समजलं नाही, चूक माझी आणि बोरकर सरांची आहे.

प्रतापनगरात पोचलो तेव्हा मामा घरीच होते. त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं. पुन्हा मोठ्याने वाचलं.

"चूक झाली, असं शाळा लिहून देते?"

"मी देते. शाळेतर्फे."

"शिक्का नाही याच्यावर."

"उद्या सकाळी मारून आणते."

"अन् खाली एक लिहा," ते अडखळत म्हणाले, "का हे मशीननं नाही लिहिलं."

मी पेन काढलं. तेवढ्यात आतून मामी बाहेर आल्या. हाताला पीठ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारातल्या सलोनीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पोरीनं आजाचं सूत राखलं, एवढं समजलं ना तुम्हाले? मंग उद्याच्या शिक्क्यापर्यंत ती काय दारात उभी राहीन?" आणि सलोनीला, "काहून वं, उभी काय? ये आत. हातपाय धू. तुह्यासाठी बी पोळ्या टाकून राहिली मी."

मामांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. शिक्का मात्र त्यांनी सोमवारी मारून घेतला.

वर्गात मी काय झालं ते सांगितलं, सगळं, कळफलकासकट. मुलं खूप हसली. सलोनी हसली नाही; तिचं माझ्याशी बोलणं सुरू व्हायला बरेच दिवस गेले, आणि तो हिशोब तिच्या बाजूने रास्त होता. बोरकर सरांनी मूळ फोटो शोधून आबाजींना गल्लीच्या तोंडाशी परत उभं केलं. आता इथे शहाण्या बाईने थांबायला हवं होतं. मी पंधरावा निकष लिहिला: योग्य वेळी इतरांना थांबवतो. गुण सर्वाधिक.

काही आठवड्यांनी सातवीचा वर्ग पुन्हा त्या दालनात शिरला. शिरला म्हणजे काय, शिरलाच नाही. अख्खा वर्ग गल्लीच्या तोंडाशी, आबाजींच्या दोन्ही अंगांना, हात पसरून उभा. प्रत्येकजण दुसऱ्याला अडवतोय. "थांब, ओलं हाय!" "तू थांब!" दोघांची मारामारी लागायची वेळ आली, जास्त कोण थांबवतं यावरून. वाटाड्या प्रत्येकाचं कौतुक करत होता. बोरकर सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

अहवाल तासाच्या शेवटी आला. आमच्या शाळेच्या इतिहासातला सर्वोत्तम. चांगुलपणात एक मूल सोडून सगळी मुलं उत्तीर्ण. निमजे, सलोनी: गटासोबत राहत नाही. मदतीच्या ठिकाणी अनुपस्थित.

पडद्यावर शोधलं. गल्लीच्या आत, पार टोकाच्या घराच्या ओसरीत एक चरखा आहे. आडव्या धाग्याचं सूत त्यावर छोट्या कांडीवर भरतात आणि मग ती कांडी विणकराला देतात. फोटोत आला म्हणून तो दालनात राहिला होता. त्यासाठी मी कुठलाच निकष लिहिलेला नव्हता, म्हणून तिथे कधी कोणी फिरकलं नव्हतं. सलोनीची आकृती त्या चरख्यापाशी बसली होती.

पालकांना संदेश पाठवायचं बटण समोर होतं. मी उठले आणि तिच्या खुर्चीपाशी गेले.

"तू तोंडावर नाही उभी राहिलीस आज?"

"तिथं आज लई लोक हायत, मॅडम," ती म्हणाली. "कांड्या भराले कोणीच नाही."

मी वही मिटली. "मला दाखव, कशा भरतात."

तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग शेजारची खुर्ची पायाने सरकवून दिली.

"आधी बसा. उभ्यानं नाही जमत."